बनियनवरची काळी पूड

"डॉक्टर मॅडम, नमस्कार. माझे मिस्टर हर्णैजवळ एका शेडमध्ये फायबरच्या होड्या बांधायचं काम 11 वर्षं करतात. शिमग्यानंतर मालकांनी मुंबईच्या एका पार्टीची ऑर्डर घेतली. त्या बोटीच्या रेझिनमध्ये, म्हणजे सुकून कडक होणाऱ्या चिकट द्रवात, एक काळी पूड मिसळतात, त्याने बोट हलकी आणि मजबूत होते म्हणे. डब्यावर 'कार्बन नॅनोट्यूब' असं लिहिलंय. डबा उघडून पूड ढवळायचं काम ह्यांच्याकडेच आहे. घरी येतात तेव्हा बनियन, कॉलर, कानाच्या पाळ्या काळ्या असतात. कपडे मी विहिरीवर नेऊन धुते. मुलगी 4 वर्षांची आहे, बाबा आला की पहिली त्याच्या गळ्यात पडते. भाचा रत्नागिरीला इंजिनीअरिंगला आहे. तो म्हणाला, मावशी, हे नवीन ॲस्बेस्टॉस आहे, कॅन्सर होतो. ह्यांना सांगितलं तर म्हणतात, पेन्सिलीच्या शिशातपण कार्बनच असतो, काही होत नाही. मालक आमच्याच वाडीतले, त्यांच्याशी बोलणार कसं? काम सोडायला सांगू का? रात्री झोप लागत नाही. – एक वाचक, दापोली तालुका"

ताई,

काम सोडायला सांगू नका. पण तो डबा आत्ता आहे त्या पद्धतीने उघडायला आणि ढवळायला तुमच्या यजमानांनी उद्यापासून नाही म्हणावं, आणि शेडमधले कपडे अंगावर घालून त्यांनी आजपासून घरात येऊ नये. या दोन गोष्टींवर माझं ठाम मत आहे.

भाचा आणि यजमान, दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. पेन्सिलीतही कार्बन असतो आणि या पुडीतही कार्बनच आहे, हे खरंच. पण भिंग मासा खाताना घशात अडकतो तो काटा, मांस नाही. दोन्ही एकाच माशाचं. काटा त्रास देतो तो लांब, बारीक आणि ताठ असतो म्हणून. नॅनोट्यूबचं तसंच आहे. कार्बनच्या एका अणूएवढ्या जाडीच्या पत्र्याची सुरळी करावी तशी ही नळी असते. एकात एक अशा अनेक सुरळ्या असल्या की ती बहुभित्ती नळी. जपानी शास्त्रज्ञ सुमिओ इजिमा यांनी 1991 मध्ये तिचं नीट वर्णन केलं आणि तिथून जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं. आपला केस साधारण 80,000 नॅनोमीटर जाड असतो. ही नळी 1 नॅनोमीटरपासून फार तर 100 नॅनोमीटरपर्यंत. लांबी मात्र जाडीच्या शेकडो, हजारो पट.

आपल्या फुप्फुसात धूळ खाणाऱ्या पेशी असतात. धुळीचा कण आत गेला की ही पेशी त्याला वेढते, गिळते आणि बाहेरच्या वाटेला लावते. चुलीचा धूर, रस्त्याची माती, सगळं ती रोज असंच आवरत असते. पण तंतू तिच्यापेक्षा लांब आणि ताठ असला तर तो पुरता गिळता येत नाही. एक टोक आत, एक बाहेर. अर्धवट गिळलेल्या अवस्थेत त्या पेशीतून दाह करणारी द्रव्यं बाहेर सांडत राहतात. ती मेली की दुसरी येते, तिचंही तेच होतं. तंतू तिथेच राहतो. तो कुजत नाही, सहजी विरघळत नाही. वर्षानुवर्षं चाललेल्या या दाहातून फुप्फुसात व्रण धरतात. फुप्फुसाच्या आवरणापर्यंत असे तंतू पोचले तर पुढे त्या आवरणाचा कर्करोग होऊ शकतो. ॲस्बेस्टॉसने होणारा मेसोथेलिओमा तो हाच.

नॅनोट्यूबच्या बाबतीत काय दिसलंय? 2008 मध्ये एडिंबराच्या संशोधकांनी उंदरांच्या पोटाच्या पोकळीत वेगवेगळ्या नॅनोट्यूब सोडल्या. लांब आणि ताठ होत्या त्यांनी लांब ॲस्बेस्टॉससारखाच दाह केला. आखूड किंवा गुंता झालेल्यांनी तसा केला नाही. 2014 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने एका विशिष्ट ताठ, जाडसर बहुभित्ती नॅनोट्यूबला 'माणसात कर्करोग होण्याची शक्यता' या गटात टाकलं. बाकीच्या प्रकारांबद्दल ठरवण्याइतका पुरावा नाही, असं म्हणून ते बाजूला ठेवले. 2016 मध्ये जपानमधल्या अभ्यासात त्याच ताठ प्रकाराची धूळ उंदरांना 2 वर्षं हुंगवली, तेव्हा त्यांना फुप्फुसाचा कर्करोग झाला.

हे सगळं प्राण्यांमध्ये, ताई. नॅनोट्यूबमुळे माणसाला कर्करोग झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही. ते भाच्यालाही सांगा. मात्र नॅनोट्यूब बनवणाऱ्या कारखान्यांतल्या कामगारांच्या थुंकीत आणि रक्तात दाहाच्या खुणा काही अभ्यासांत सापडल्या आहेत. आणि ॲस्बेस्टॉसचा मेसोथेलिओमा दिसायला 20 ते 40 वर्षं, कधी त्याहूनही जास्त लागतात. नॅनोट्यूब कारखान्यांत पोत्यापोत्यांनी यायला लागून अजून फार वर्षं झालेली नाहीत. त्यामुळे 'कुणाला झालंय का' या प्रश्नाला आज 'नाही' असं उत्तर मिळालं, तरी मी त्याच्यावर विसंबून राहणार नाही.

का नाही, तेही सांगते. 1898 मध्ये ब्रिटनमध्ये ल्युसी डीन नावाच्या एका महिला कारखाना निरीक्षकाने ॲस्बेस्टॉसची धूळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहून घेतली आणि काचेसारखी टोकदार धूळ कामगारांना बाधते असं अहवालात लिहून ठेवलं. ब्रिटनमध्ये ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आली 1999 मध्ये. मधल्या 101 वर्षांत पुरावा गोळा होत राहिला. तो माणसांच्या शवविच्छेदनातून गोळा होत होता. 1965 मध्ये लंडनच्या रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या काही रुग्णांनी आयुष्यात कधी ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यात पाय ठेवला नव्हता. त्यांच्या घरातलं माणूस तिथे कामाला होतं. त्यात बहुतेक बायका होत्या, आणि त्यांनी नवऱ्याच्या कामाच्या डांगऱ्या धुतल्या होत्या.

मी कारखान्याची डॉक्टर म्हणून काम करत होते तेव्हा अशी एक बाई माझ्याकडे आली होती. नवरा पाइपांवर उष्णतारोधक गुंडाळायच्या कामाला, कारखान्याचं नाव इथे सांगत नाही. ती दारात बसून त्याचे कपडे आधी झटकायची, मग भिजवायची, कारण न झटकता भिजवले तर पाण्याचा चिखल होतो. तिला जिना चढवत नव्हता. एक्सरेत फुप्फुसाच्या आवरणावर पांढरे चकते होते. ती मला पुन्हा पुन्हा विचारत होती, 'पण मी तर कधी कामाला गेले नाही.' तुमचं विहिरीवर कपडे धुण्याचं वाक्य वाचलं आणि मी हे उत्तर इतर पत्रांच्या आधी लिहायला घेतलं.

आता शेडमध्ये येऊ. धोका सगळीकडे सारखा नाही, हे समजलं की निम्मी भीती कमी होईल. बोट तयार होऊन कडक झाली की नॅनोट्यूब रेझिनमध्ये घट्ट बसलेल्या असतात. त्या बोटीला हात लावल्याने, तिच्यात बसून समुद्रात गेल्याने काही होत नाही. ओलं रेझिन ब्रशने लावतानाही त्या हवेत उडत नाहीत. कडक झालेल्या अंगावर ग्राइंडर मारला, ड्रिल केलं, कापलं, की धूळ उडते. त्या धुळीत मुख्यतः रेझिनचे आणि काचेच्या तंतूंच्या मॅटचे तुकडे असतात आणि त्यांत नॅनोट्यूब अडकलेल्या असतात, काही टोकं बाहेर आलेली. हे वाईट, पण मधलं. सगळ्यात वाईट काम सुक्या पुडीचं. डब्याचं झाकण काढणं, पूड वजनकाट्यावर ओतणं, ड्रिलला काडी लावून ढवळणं, रिकामा डबा किंवा पिशवी दाबून हवा काढणं. ही पूड इतकी हलकी असते की श्वासानेसुद्धा उडते. आणि हेच काम नेमकं तुमच्या यजमानांकडे आहे.

किती पूड म्हणजे जास्त? अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने, निऑशने, 2013 मध्ये एक मर्यादा सुचवली: 8 तासांच्या पाळीत हवेच्या 1 घनमीटरमागे 1 मायक्रोग्रॅम. आपल्याकडचा तो कायदा नाही, आणि या मर्यादेखाली धोका शून्य होतो असंही ती संस्था म्हणत नाही. पण हिशोब करून बघा. शेड 20 मीटर लांब, 10 मीटर रुंद, 5 मीटर उंच धरली तर आत 1000 घनमीटर हवा. ती सगळी या मर्यादेला न्यायला हवेत तरंगती 1 मिलिग्रॅम पूड पुरते, म्हणजे एका ग्रॅमचा हजारावा भाग. कानाची पाळी काळी दिसते, तेव्हा नाकासमोरची हवा कुठे असेल याचा अंदाज येईल.

त्यात आता पावसाळा. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, डागडुजीचं काम शेडमध्ये गच्च. झड आत येऊ नये म्हणून तिन्ही बाजूंनी ताडपत्री बांधलेली. उन्हाळ्यात खाडीवरचा वारा जी धूळ घेऊन जातो, ती पावसाळ्यात आतच घुमत राहते. डबा आत्ताच बंद व्हावा असं मी म्हणते त्याचं हेही एक कारण आहे.

यजमानांनी मालकांकडे काय मागावं? पहिलं, पूड नको, पूड आधीच रेझिनमध्ये कालवलेली तयार पेस्ट मागवा. अशी पेस्ट बाजारात मिळते, आणि सुक्या पुडीचं काम शेडमधून कायमचं जातं. माझ्या मते यापेक्षा मोठा फरक दुसऱ्या कशानेच पडणार नाही. मास्क, पंखे, सगळं याच्या नंतर. खरं तर मी मालकांना हेही विचारेन की त्या बोटीला ही पूड हवीच आहे का. साध्या काचेच्या मॅटच्या होड्या आपल्या किनाऱ्यावर कित्येक वर्षं समुद्र खात आल्या आहेत.

ग्राइंडरऐवजी शक्य तिथे वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर, मारावा. ओली धूळ उडत नाही. पण विजेच्या ग्राइंडरवर पाणी ओतायचं नाही, त्याने माणूस शॉक लागून जाईल. ग्राइंडरच लागणार असेल तर धूळ जागच्या जागी ओढून घेणारी नळी आणि हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम हवा. साध्या व्हॅक्यूमने बारीक धूळ मागच्या बाजूने पुन्हा हवेत येते. शेड खराट्याने झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची.

आणि एक सवय आजच्या आज बंद. काम सुटल्यावर पोरं कॉम्प्रेसरची नळी घेऊन एकमेकांच्या अंगावरची धूळ उडवतात. फायबरच्या शेडमध्ये मी हे डोळ्यांनी पाहिलंय. एकजण हात वर करून गोल फिरतो, दुसरा डोक्यापासून पायापर्यंत हवा मारतो, दोघांभोवती ढग, आणि तो ढग नाकाच्याच उंचीला. दिवसभर मास्क लावला तरी या अर्ध्या मिनिटात सगळं पाण्यात जातं.

मास्कबद्दल एक गैरसमज ऐकू येतो, की नॅनो म्हणजे इतकं बारीक की मास्कमधून आरपार जातं. तसं नाही. अतिसूक्ष्म कण सरळ न जाता इकडेतिकडे भरकटतात आणि गाळणीच्या धाग्यांना आपटून चिकटतात. चांगला एन-95 किंवा त्याच्या वरचा मास्क त्यांना बहुतांशी अडवतो. गळती होते ती कडेने. नाकाशी पट्टी दाबलेली नसेल, दाढी वाढलेली असेल, तर हवा तिथूनच आत घुसते. तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ जवळजवळ अडवतच नाही. दुसरी गोष्ट, एन-95 वास अडवत नाही. पॉलिस्टर रेझिनचा तो गोडसर उग्र वास स्टायरिनचा, आणि 2018 मध्ये स्टायरिनला 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकलं आहे. त्याच्यासाठी वाफ शोषणारी वेगळी डबी असलेला रबरी मास्क लागतो. धूळ आणि वाफ दोन्ही अडवणाऱ्या जोडडब्या मिळतात, त्याच घ्यायला सांगा.

हे मी मुद्दाम लिहिते आहे. यजमान 11 वर्षं स्टायरिन हुंगतायत, काचेच्या मॅटची कुसळं अंगात टोचून घेतायत, रेझिन कडक करणारा हार्डनर डोळ्यात उडण्याचा धोका घेतायत. नव्या पुडीच्या भीतीत या जुन्या गोष्टी मागे पडू नयेत. आणि शेडचं छप्पर सिमेंटच्या पत्र्यांचं आहे का, तेही बघा. आपल्याकडे पांढऱ्या ॲस्बेस्टॉसच्या वापरावर आजही पूर्ण बंदी नाही, आणि असे पुष्कळसे पत्रे त्याचेच असतात. ॲस्बेस्टॉसबद्दल तर शंकाच उरलेली नाही, ते माणसात कर्करोग करतं. पावसाच्या आधी पत्रा कापताना, भोक पाडताना उडणारी पांढरी धूळ हिच्यापासूनही या काळ्या पुडीइतकंच जपून राहायला हवं. नीट बसलेल्या, न फुटलेल्या पत्र्याला मात्र उगाच हात लावू नका.

आता घर. कामाचे कपडे शेडमध्येच राहावेत. तिथे बादलीत पाणी भरून ठेवायचं, काम सुटल्यावर कपडे न झटकता हळूच उतरवून त्यात बुडवायचे, हातपाय, तोंड, केस धुवायचे आणि घरचे कपडे घालून निघायचं. चपलाही तिथल्या तिथेच. तंबाखू मळत असतील तर हात साबणाने धुतल्याशिवाय मळू नये, तळहातावरची पूड सरळ तोंडात जाते. शेडमध्ये धुण्याची सोय होईपर्यंत कपडे भिजलेलेच प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आणावेत. तुम्ही ते वेगळ्या बादलीत धुवा, मुलीच्या कपड्यांत मिसळू नका, दगडावर आपटू नका, आणि पाणी विहिरीच्या काठाला सोडू नका. जी बनियनं पुडीने पार काळी झालीत ती धुण्याच्या भानगडीत न पडता ओली करून, बांधून टाकून द्या. जाळू मात्र नका, आणि शेडमधले रेझिनचे तुकडेही परसात पेटवू देऊ नका.

मुलीला बाबाच्या गळ्यात पडू द्या. फक्त आंघोळीनंतर.

आजवर जे झालं त्याचं काय, हा प्रश्न तुम्ही पत्रात विचारला नाहीत, पण झोप उडाली आहे ती त्याच्यामुळेच असणार. शिमग्यापासून म्हणजे काही महिने. ॲस्बेस्टॉसचा अनुभव सांगतो की किती धूळ आणि किती वर्षं, यावर धोका वाढत जातो. काही महिन्यांवर तो थांबवला तर ते फार मोठं आहे. तुमच्या आणि मुलीच्या शरीरात नॅनोट्यूब शोधणारी कुठलीही रक्ततपासणी दवाखान्यांत होत नाही. कुणी पैसे घेऊन 'डिटॉक्स' वगैरे सांगितलं तर उठून या. यजमानांनी मात्र एकदा छातीचा एक्सरे आणि फुंकर मारून करायची फुप्फुसाची तपासणी, स्पायरोमेट्री, करून घ्यावी, आणि कागद जपून ठेवावेत. आज काही निघेल म्हणून नाही, तर पुढे कधी दम लागला तर तुलना करायला काहीतरी हातात असावं म्हणून. डॉक्टरांना 11 वर्षांचं फायबरचं काम सांगायला विसरू नका. बहुतेक जण विचारत नाहीत.

मालकांशी बोलायचं कसं? वाडीतले आहेत ही अडचण वाटते तशी सोयही आहे. कारखान्याच्या गेटवर साहेब भेटत नाही, इथे मालक संध्याकाळी पारावर भेटतात. तक्रार म्हणून नको, प्रश्न म्हणून बोला. 'या डब्यासोबत सेफ्टी डेटा शीट आलं होतं का? नसेल तर सप्लायरकडून मागवाल का?' रसायन विकणाऱ्याकडे हा कागद असायलाच हवा आणि मागितल्यावर द्यायला हवा. त्यात मास्क, हातमोजे, हवा खेळती ठेवणं, सगळं छापलेलं असतं. मग ते तुमचं म्हणणं राहत नाही, माल विकणाऱ्याचंच राहतं. आणि मालक स्वतःही त्याच शेडमध्ये दिवसभर उभे असतात, हे त्यांना आठवण करून द्या. तीन-चार कामगारांच्या घरच्या बायका मिळून मालकिणीशी बोललात तर आणखी बरं. काहीच हललं नाही तर राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे लेखी अर्ज करता येतो, पण ती पायरी मला शेवटची वाटते.

अजून एक काम तुमच्याकडे. डब्याच्या लेबलचा, चारी बाजूंनी, फोटो काढून मला पाठवा. त्यावर बहुतेक वेळा नळीचा व्यास आणि लांबी दिलेली असते. व्यास 50 नॅनोमीटरच्या आसपास आणि लांबी 5 मायक्रॉनच्या (म्हणजे 5,000 नॅनोमीटरच्या) पुढे असेल तर तो ताठ प्रकार, प्राण्यांत कर्करोग दिसला तो त्याच जातीचा. व्यास 10-15 च्या आत असेल तर बहुधा कापसासारखा गुंता होणारा, त्याबद्दलचा पुरावा तुलनेने सौम्य आहे. आकडे कळले की यजमानांसाठी नेमकं काय हवं ते मी वेगळं लिहून पाठवते. फोटो काढताना झाकण उघडायचं नाही.